चिरकारी अष्ठीलाशोथ : संकल्पनेचा इतिहास

चिरकारी अष्ठीलाशोथ : पुरुषाच्या मूत्राशयाच्या ग्रीवेखाली, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाला वेढून असणाऱ्या अक्रोडाएवढ्या अष्ठीला ग्रंथीच्या दीर्घकाल टिकणाऱ्या शोथास (दाहयुक्त सुजेस) ‘चिरकारी अष्ठीलाशोथ’ असे म्हणतात. मूलाधार (वृषणकोश व गुदद्वार यांमधील भाग), ओटीपोट, वृषण किंवा शिश्नाग्र या ठिकाणी होणारी वेदना, वारंवार वा अडखळत होणारी लघवी, स्खलनाच्या वेळी किंवा त्यानंतर होणारी वेदना आणि कामक्रियेतील इतर अडचणी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तरुण व मध्यमवयीन पुरुषांत तो विशेष आढळतो. वरील व्याख्या सुटसुटीत दिसली, तरी ती बऱ्याच अंशी केवळ नावापुरती आहे. हे निदान झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथीत रोगकारक जंतू सापडत नाहीत आणि शोथाची खूण मानलेल्या श्वेत कोशिकाही सर्वांत आढळत नाहीत. वेदना मात्र खरी असते. कारणाच्या या रिकाम्या जागी प्रत्येक काळाने त्या त्या काळच्या विज्ञानाला परिचित असलेले कारण ठेवले : प्रथम वीर्यनाश, मग परमा, मग सूक्ष्मजंतू, काही काळ रुग्णाचे मन आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सिडीकारक ताण. लैंगिक तक्रारींचे स्थानही त्याबरोबर बदलत गेले. आधी त्या रोगाचे कारण ठरल्या, नंतर दुर्लक्षित राहिल्या व अखेरीस रोगाचा परिणाम म्हणून मोजल्या जाऊ लागल्या.

नाव व प्रारंभीचे ज्ञान : अष्ठीला या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘वाटोळा गुळगुळीत दगड’ असा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे (मूत्र अडण्याच्या विकाराचे) जे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक असून मलमार्ग व बस्ती (मूत्राशय) यांच्या दरम्यान दगडासारखी घट्ट गाठ उत्पन्न होते, असे त्याचे वर्णन आहे. मराठीतील ‘अष्ठीला ग्रंथी’ ही संज्ञा या शब्दावरून घेतलेली आहे. तथापि या वर्णनावरून सुश्रुतांना ही ग्रंथी स्वतंत्र अवयव म्हणून ज्ञात होती, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात या ग्रंथीच्या ज्ञानाचे श्रेय पूर्वी अलेक्झांड्रिया येथील हिरॉफिलस (इ. स. पू. सु. ३३५–२८०) यांना दिले जाई. त्यांनी वापरलेला शब्द बहुधा शुक्राशयांसंबंधी असावा, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे. व्हेनिस येथील शारीरविज्ञ नीक्कोलो मास्सा यांनी १५३६ मध्ये या ग्रंथीचे वर्णन केले व १५३८ मध्ये अँड्रिअस व्हेसेलिअस यांच्या चित्रपटांत ती दाखविली गेली. ‘प्रॉस्टेट’ हे नाव १६०० च्या सुमारास फ्रेंच शारीरविज्ञ आंद्रे द्यू लोराँ यांच्या ग्रंथामुळे रूढ झाले. ती दुहेरी आहे असे समजून हा शब्द दीर्घकाल अनेकवचनी वापरला जाई. ग्रंथीचा स्राव वीर्यात मिसळतो, हे कळल्यापासून तिच्या विकारांचा संबंध पुरुषत्वाशी जोडला जाऊ लागला. पुढील इतिहासावर या संबंधाची छाया सतत पडलेली दिसते.

वीर्यनाशाची भीती : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील माँपेल्ये येथील शल्यचिकित्सक क्लोद फ्रांस्वा लालमाँ (१७९०–१८५४) यांनी अनैच्छिक वीर्यस्रावावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला (१८३६–४२). मूत्रमार्गाच्या अष्ठीलेतून जाणाऱ्या भागाचा शोथ झाल्यामुळे वीर्य नकळत गळते आणि त्यामुळे अशक्तता, नैराश्य व क्लैब्य (नपुंसकत्व) येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर उपाय म्हणून मूत्रमार्गात नळी घालून तो भाग सिल्व्हर नायट्रेटाने जाळण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. हा उपचार अत्यंत वेदनादायक होता. तरीही ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि यूरोप व अमेरिकेत या पद्धतीचे अनुकरण झाले. रुग्णाच्या लैंगिक वर्तनातच रोगाचे मूळ आहे, असे मानले गेल्यामुळे उपचारात शिक्षेचाही काही अंश आला.

फिलाडेल्फिया येथील शल्यचिकित्सक सॅम्युएल डेव्हिड ग्रॉस (१८०५–८४) यांनी १८६० मध्ये ‘अष्ठीलास्राव’ हा स्वतंत्र विकार वर्णन केला. शौचाच्या वेळी जोर केल्यावर मूत्रमार्गातून येणारा चिकट द्रव पुष्कळदा वीर्य नसून केवळ अष्ठीलेचा स्राव असतो, हा भेद वीर्यनाशाच्या भयाने पछाडलेल्या रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. मात्र सर्वसामान्यांच्या मनातील समजूत त्यामुळे गेली नाही. भारतात ‘धातू जाणे’ या नावाने हीच भीती प्रचलित असून तीमुळे येणारी अशक्तता, चिंता व लैंगिक दुर्बलता या लक्षणसमूहाला मनोविकारतज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात लक्षणसमूह’ असे नाव दिले. महाराष्ट्रात लैंगिक विषयांवर शास्त्रीय माहिती देण्याचे कार्य रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी समाजस्वास्थ्य  या मासिकाद्वारे १९२७ पासून मृत्यूपर्यंत केले. श्रोणिभागात (कटिभागात) वेदना असलेला रुग्ण वैद्याकडे जाताना ही भीती बरोबर घेऊन जातो. त्यामुळे तिचा विचार या रोगाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

परम्याचा काळ : शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राच्या उदयाबरोबर कारणाची कल्पना पालटली. एमील नगेरात यांनी १८७२ मध्ये असे प्रतिपादन केले की, परमा (पूयप्रमेह) बरा झाल्याचे समजून विवाह करणाऱ्या पुरुषाच्या जननमार्गात तो सुप्तावस्थेत राहतो आणि पत्नीला त्याची बाधा होऊन वंध्यत्वही येऊ शकते. आल्बेर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये परम्याच्या जंतूचा शोध लावल्यावर या मतास बळकटी आली. चिरकारी अष्ठीलाशोथ म्हणजे जुना परमा, असे समीकरण बनले. पापाची जागा आता संसर्गाने घेतली, तरी रुग्णावरील संशय कायम राहिला. ज्याला कधीही परमा झाला नव्हता, अशा रुग्णाच्या सांगण्यावर वैद्याचा विश्वास बसणे कठीण झाले.

बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ह्यू हॅम्पटन यंग (१८७०–१९४५) व त्यांचे सहकारी गेराटी आणि स्टीव्हन्स यांनी १९०६ मध्ये चिरकारी अष्ठीलाशोथावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. कंबर, मांडी, वृषण इ. दूरच्या भागांत जाणवणारी वेदना आणि लैंगिक लक्षणे यांचे त्यांनी पद्धतशीर वर्णन केले. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी दाबून बाहेर येणाऱ्या स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे ही निदानाची रीत बनली आणि तेच ‘मर्दन’ ठराविक दिवसांनी पुनःपुन्हा करणे हा उपचार बनला. स्रावात पूयकोशिका (श्वेत कोशिका) दिसल्या म्हणजे शोथ आहे, असे समजले जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात हा उपचार जगभर चालू होता.

सल्फानिलामाइड (१९३७) व त्यानंतर पेनिसिलीन (१९४३) या औषधांनी परमा काही दिवसांत बरा होऊ लागला. परमा हेच मुख्य कारण असते, तर चिरकारी अष्ठीलाशोथाचे रुग्ण यानंतर झपाट्याने कमी व्हावयास हवे होते. परंतु तसे घडले नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखाच्या शीर्षकातच ‘हा रोग वास्तव की कल्पित?’ असा प्रश्न विचारण्यात आला. रोगच कल्पित मानला की, रुग्णाची वेदनाही कल्पित ठरते. याच काळात अनेक चिकित्सकांनी अशा रुग्णांना मानसिक विकाराचे रुग्ण मानले.

चार नमुन्यांची चाचणी : स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडविन मीअर्स व टॉमस स्टेमी यांनी १९६८ मध्ये निदानाला काटेकोर पाया दिला. मूत्रमार्गातील, मूत्राशयातील व अष्ठीलेतील जंतू एकाच नमुन्यात मिसळून येत असल्यामुळे पूर्वीच्या तपासण्यांतून काहीच ठरत नसे. त्यांनी चार नमुने वेगवेगळे घेतले : लघवीचा पहिला अल्प भाग (मूत्रमार्गाचा निदर्शक), मधला भाग (मूत्राशयाचा निदर्शक), मर्दनाने निघालेला अष्ठीलास्राव व मर्दनानंतरच्या लघवीचा पहिला भाग. शेवटच्या दोन नमुन्यांत जंतूंची संख्या पहिल्यापेक्षा बरीच अधिक असेल, तरच जंतू अष्ठीलेत आहेत असे म्हणता येते. त्याच सुमारास स्टेमी यांच्या प्रयोगशाळेत, रक्तातील बहुतेक प्रतिजैव औषधे अष्ठीलास्रावात फारशी का शिरत नाहीत, याचाही अभ्यास झाला. या स्रावात जंतुनाशक गुण असून तो त्यातील जस्तामुळे येतो, असे विल्यम फेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखविले. शरीरातील मऊ ऊतकांपैकी (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांपैकी) अष्ठीलेत जस्ताचे प्रमाण सर्वांत अधिक असते.

या चाचणीने मुख्यतः एक नकारात्मक गोष्ट सिद्ध केली. ती काळजीपूर्वक केल्यास शंभरांपैकी जेमतेम पाच ते दहा रुग्णांतच जंतू आढळत. म्हणून १९७८ मध्ये ड्रॅच, फेअर, मीअर्स व स्टेमी यांनी चार प्रकार सुचविले : तीव्र जंतुजन्य, चिरकारी जंतुजन्य, अजंतुजन्य (स्रावात पूयकोशिका असलेला) व अष्ठीलावेदना (जंतू व पूयकोशिका दोन्ही नसलेला). बहुसंख्य रुग्ण शेवटच्या दोन प्रकारांत मोडत. त्यांच्यापैकी काहींची वेदना ग्रंथीत नसून श्रोणीच्या तळाच्या स्नायूंच्या सततच्या आकुंचनामुळे उद्‌भवते, असा विचार १९७९ मध्ये मेयो क्लिनिक येथील चिकित्सकांनी मांडला.

ऑक्सिजनाची दुसरी बाजू : जंतू नाहीत, पण पूयकोशिका आहेत, अशा रुग्णांत त्या कोशिका काय करतात, या प्रश्नाचे उत्तर अष्ठीलेशी संबंध नसलेल्या संशोधनातून आले. मोझेस गोंबर्ग यांनी १९०० मध्ये पहिले स्थिर मुक्त मूलक (एकटे, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असलेला व त्यामुळे अतिशय विक्रियाशील असा अणुगट) ओळखले. असे मूलक सजीवांच्या शरीरात निर्माण होऊन वार्धक्यास कारणीभूत होत असावेत, अशी कल्पना डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली. ती फारशी स्वीकारली गेली नव्हती. परंतु १९६९ मध्ये जो मकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचा नाश करणारे एंझाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, शोधून काढले. मूलक नष्ट करण्यासाठी शरीरात खास एंझाइम असेल, तर ते मूलक शरीरात नित्य निर्माण होत असले पाहिजेत, हे उघड झाले. बर्नार्ड बॅबिअर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, श्वेत कोशिका जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइडच बाहेर टाकतात. म्हणजे पूयकोशिका ही शोथाची केवळ खूण नसून ऑक्सिडीकारक पदार्थांचा उगमही असते. हे शस्त्र जंतू आणि शरीराच्या स्वतःच्या कोशिका यांत भेद करीत नाही.

शुक्राणूंच्या बाबतीत याची चाहूल त्याआधीच लागली होती. ऑक्सिजनाच्या सान्निध्यात मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडाचे विघटन करणारे कॅटॅलेज हे एंझाइम घातल्यास ती टिकते, असे जॉन मॅक्लाउड यांना १९४३ मध्ये आढळले होते. शुक्राणूच्या आवरणातील मेदाम्ले सहज ऑक्सिडीभूत होतात व दुरुस्तीची साधने त्याच्याजवळ फार थोडी असतात, हे त्याचे कारण होय. ऑक्सिडीकारक पदार्थ व त्यांना आवर घालणारे प्रतिऑक्सिडीकारक पदार्थ यांच्यातील समतोल पहिल्याच्या बाजूने ढळणे, या स्थितीला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी संपादित केलेल्या १९८५ च्या ग्रंथापासून ‘ऑक्सिडीकारक ताण’ हे नाव सर्वत्र रूढ झाले.

लैंगिक कार्याशी संबंध जोडणारा दुवा रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून मिळाला. रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून तिला शिथिल करणारा घटक स्रवतो, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखविले. हा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे पुढे निश्चित झाले. या शोधांबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लॉस अँजेल्स येथील जेकब रायफर, इग्नारो व इतरांनी १९९२ मध्ये असे सिद्ध केले की, मानवी शिश्नातील स्पंजासारख्या ऊतकाचे स्नायू नायट्रिक ऑक्साइडामुळेच शिथिल होतात. स्नायू शिथिल झाल्यावर पोकळ्यांत रक्त भरते व ताठरता येते. दरम्यान, सुपरऑक्साइड हे नायट्रिक ऑक्साइडाचा नाश करते, हे १९८६ मध्ये आणि या विक्रियेत पेरॉक्सिनायट्राइट हा अधिक विध्वंसक पदार्थ तयार होऊ शकतो, हे १९९० मध्ये कळले होते. अशा रीतीने तर्काची साखळी पूर्ण झाली : शोथ असल्यास सुपरऑक्साइड वाढते, सुपरऑक्साइड वाढल्यास नायट्रिक ऑक्साइड कमी पडते व ते कमी पडल्यास ताठरता मंदावते. मात्र साखळी तर्काने जुळणे व ती रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष घडणे या भिन्न गोष्टी आहेत.

अष्ठीलास्रावातील पुरावा : रुग्णांतील प्रत्यक्ष मोजमाप २००० च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथे पास्क्वालोत्तो, अशोक अगरवाल व सहकारी यांनी २००० मध्ये चिरकारी अष्ठीलाशोथाच्या रुग्णांच्या वीर्यातील विक्रियाशील ऑक्सिजन संयुगे व एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मोजली. निरोगी पुरुषांच्या तुलनेत रुग्णांत हा समतोल बिघडलेला आढळला. त्याच वर्षी शाहेद व डॅनिएल शॉस्क्स यांनी अष्ठीलास्रावातील आयसोप्रोस्टेन या पदार्थाचे मापन प्रसिद्ध केले. मेदाम्लांचे मुक्त मूलकांमुळे ऑक्सिडीभवन झाल्यावरच तो तयार होत असल्याने ताणाचा तो विश्वसनीय निदर्शक मानतात. चिरकारी जंतुजन्य प्रकारात रक्तातील प्रतिऑक्सिडीकारक घटक घटलेले असतात, असे २००६ मध्ये चीनमधील अभ्यासात दिसून आले.

शॉस्क्स, रायफर व सहकारी यांनी १९९९ मध्ये क्वेर्सेटीन या द्रव्याची चाचणी घेतली. कांदा, सफरचंद इत्यादींत आढळणारे हे द्रव्य प्रतिऑक्सिडीकारक व शोथनाशक आहे. तीस पुरुषांपैकी काहींना ते दिवसातून दोनदा ५०० मिग्रॅ. व इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी महिनाभर देण्यात आली. लक्षणांत किमान चतुर्थांश सुधारणा झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६७ व २० टक्के होते. ताठरतेतील नायट्रिक ऑक्साइडाचे कार्य उघड करणारे रायफर हे या चाचणीचेही सहलेखक होते. या चाचणीने मोठी आशा निर्माण केली. परंतु रुग्णसंख्या अल्प व कालावधी तोकडा होता.

लैंगिक तक्रारींची गणना : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये बोलाविलेल्या बैठकीत नवे वर्गीकरण ठरले व ते १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. अजंतुजन्य अष्ठीलाशोथ व अष्ठीलावेदना यांना एकत्र करून ‘चिरकारी श्रोणिवेदना लक्षणसमूह’ हे नाव देण्यात आले. या नावात कारणाचा दावा नाही आणि अष्ठीलेवर दोषारोपही नाही. मागील सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वेदना असणे हा त्याचा गाभा होय. त्याच वर्षी लक्षणांची मोजपट्टीही तयार झाली. तीत वेदनेला २१, मूत्रलक्षणांना १० व जीवनमानावरील परिणामाला १२ असे एकूण ४३ गुण आहेत. स्खलनाच्या वेळची वेदना तीत विचारली जाते. परंतु ताठरता व कामेच्छा यांविषयी एकही प्रश्न नाही. एकोणिसाव्या शतकात ज्या तक्रारी रोगाचे सर्वस्व मानल्या गेल्या, त्या शतकाखेरच्या मोजपट्टीतून जवळजवळ वगळल्या गेल्या.

ही उणीव इतर अभ्यासांनी भरून काढली. फिनलंडमध्ये २० ते ५९ वयाच्या पुरुषांची पाहणी मेहिक व सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत अष्ठीलाशोथ झालेल्यांपैकी ४३ टक्के पुरुषांनी ताठरतेच्या अडचणी व २४ टक्के पुरुषांनी कामेच्छा मंदावल्याचे सांगितले. त्याच वर्षी इटलीतील अभ्यासकांना शीघ्रपतनाच्या ४६ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत अष्ठीलेचा शोथ आढळला. कॅनडातील एका गटाने २००७ मध्ये रुग्णांबरोबर त्यांच्या जोडीदारांचीही पाहणी केली. हा विकार एकट्या पुरुषाचा नसून दांपत्याचा असतो, ही जाणीव त्यातून दृढ झाली. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाची व्याख्या व मोजण्याची रीत वेगळी आहे. परंतु या रुग्णांत लैंगिक अडचणी सामान्य लोकसंख्येपेक्षा अधिक असतात, याबद्दल आता दुमत नाही.

या ठिकाणी दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. ऑक्सिडीकारक ताणाचा शुक्राणूंवर होणारा परिणाम हा प्रजननक्षमतेचा प्रश्न आहे, तर ताठरता, स्खलन व इच्छा हा लैंगिक कार्याचा प्रश्न आहे. पहिल्याबाबतचा पुरावा बराच सबळ, तर दुसऱ्याबाबतचा अप्रत्यक्ष आहे. शॉस्क्स व सहकाऱ्यांना २०११ मध्ये अशा रुग्णांच्या रोहिण्या अधिक ताठर व त्यांच्या अंतःस्तराचे कार्य मंद आढळले. हा निष्कर्ष नायट्रिक ऑक्साइडाच्या साखळीशी जुळतो. तरीही वेदनेची धास्ती, चिंता, झोपमोड, स्नायूंचे आकुंचन व काही औषधांचे परिणाम यांमुळेही ताठरता मंदावू शकते आणि एकाच रुग्णात ही कारणे एकत्र असू शकतात. स्खलनाच्या वेळी वेदना होत असेल, तर इच्छाच मावळणे स्वाभाविक आहे. त्यासाठी रेणूंच्या पातळीवरील कारण शोधावे लागत नाही.

तुलनेची कसोटी : या रोगाच्या इतिहासातील निर्णायक प्रगती नवे कारण सापडल्याने झाली नसून रुग्णांची निरोगी पुरुषांशी काटेकोर तुलना केल्याने झाली. निकेल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४६३ रुग्ण व १२१ निरोगी पुरुष यांची चार नमुन्यांची चाचणी केली. अष्ठीलेत रोगकारक जंतू आढळण्याचे प्रमाण रुग्णांत ८.० टक्के, तर निरोगी पुरुषांत ८.३ टक्के होते. पूयकोशिकाही कोणतीच तक्रार नसलेल्या पुष्कळ पुरुषांत सापडल्या. जवळजवळ शतकभर ज्या खुणेच्या आधारे मर्दने झाली व प्रतिजैव औषधे दिली गेली, ती खूण रुग्ण व निरोगी यांत फरक करू शकत नव्हती. पुढच्याच वर्षी १९६ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासीन हे प्रतिजैव औषध व टॅम्सुलोसीन हे स्नायुशिथिलक सहा आठवडे देऊनही निष्क्रिय गोळीपेक्षा विशेष लाभ दिसला नाही. हे रुग्ण दीर्घकाल आजारी व आधी बरेच उपचार घेतलेले होते, हे लक्षात घ्यावयास हवे. सिप्रोफ्लॉक्सासीनच्या गटातील औषधांमुळे कंडरांना (स्नायू अस्थींना जोडणाऱ्या दोऱ्यांना) इजा होण्याचा धोका असल्याची ठळक सूचना त्यांच्या माहितीपत्रकात देणे अमेरिकेत २००८ पासून सक्तीचे झाले.

ऑक्सिडीकारक ताणाच्या कल्पनेलाही हीच कसोटी लागू पडते. ताण वाढलेला आढळणे म्हणजे तो रोगाचे कारण असणे नव्हे. तो शोथाचा परिणाम असू शकतो किंवा धूम्रपान, स्थूलता, मधुमेह, वय यांमुळेही उद्‌भवू शकतो. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये घेतल्यास निदान अपाय तरी होणार नाही, ही समजूतही निराधार ठरली आहे. अमेरिका, कॅनडा व प्वेर्त रीको येथील ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांची मोठी चाचणी झाली. तिचा उद्देश अष्ठीलेचा कर्करोग टाळता येतो का, हे पाहण्याचा होता. परंतु २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. श्वेत कोशिकांचे जंतुनाशन, शुक्राणूंची पक्वता इ. नित्य कार्यांस काही प्रमाणात मुक्त मूलकांची आवश्यकता असते. त्यामुळे त्यांचा सरसकट नाश हे उपचाराचे ध्येय होऊ शकत नाही.

सद्यःस्थिती : एका कारणाचा शोध मागे पडून रुग्णागणिक निरनिराळ्या घटकांचे मोजमाप करण्याकडे कल वळला आहे. शॉस्क्स, निकेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रुग्णाच्या तक्रारींची मूत्रविषयक, मनोसामाजिक, अष्ठीलेशी निगडित, जंतुजन्य, तंत्रिकीय (मज्जासंस्थेशी निगडित) व स्नायुविषयक अशा सहा अंगांनी विभागणी सुचविली. लैंगिक कार्य हे सातवे अंग मानावे काय, याविषयी त्यानंतर मतभेद झाले. २०१० मध्ये एका गटाने त्याची भर घालणे उपयुक्त असल्याचे म्हटले, तर २०१३ मध्ये दुसऱ्या गटाला त्याने विशेष फरक पडत नसल्याचे आढळले. उपचारात वेदनाशमन, लघवी सुलभ करणारी औषधे, श्रोणितलाच्या स्नायूंचे शिथिलीकरण, व्यायाम, मानसोपचार आणि आवश्यकतेनुसार ताठरतेवरील औषधे यांचा रुग्णाच्या लक्षणांनुसार मेळ घातला जातो. जंतू सिद्ध झाल्यासच प्रतिजैव औषधांचा दीर्घ क्रम योग्य समजतात. क्वेर्सेटीनसारखी द्रव्ये पूरक म्हणून वापरली जातात; मात्र त्यांनी लैंगिक कार्य सुधारते, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. ऑक्सिडीकारक ताणाने शोथ, वंध्यत्व व ताठरतेची मंदता यांना जोडणारा एक पटण्याजोगा दुवा पुरविला आहे. तो दुवा कितपत टिकतो, हे निरोगी पुरुषांशी केलेल्या तुलनेतून व मोठ्या नियंत्रित चाचण्यांतूनच ठरेल. वीर्यनाश, परमा व जंतू या पूर्वीच्या कारणांच्या बाबतीत उपचार आधी सर्वत्र पसरला व कसोटी पुष्कळ उशिरा लागली. त्या विलंबाचे दुःख रुग्णांना सोसावे लागले.